कुत्र्याला घरचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत आमच्या घरी दोन कुत्री आहेत. चिंगी ही गावठी, १५ किलोची, आणि शेरू हा लॅब्राडॉर, ३० किलोचा. दोघंही सात वर्षांपासून घरचं शिजवलेलं खातात. मी पशुवैद्य नाही. पण पहिल्या कुत्र्याच्या वेळी झालेल्या चुकीनंतर हा विषय मी वाचून, विचारून, मोजून शिकले. ओळखीतली माणसं पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत.

घरचं जेवण दिलं तर चालतं का, की पॅकेटचंच द्यावं लागतं?

चालतं. कारखान्यात बनवलेलं कुत्र्याचं खाणं हीच मुळात अलीकडची गोष्ट आहे. १८६०च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने कुत्र्यांसाठी बिस्किटं विकायला काढली, तिथून हा धंदा सुरू झाला. आज आपण ज्याला सरसकट ‘पेडिग्री’ म्हणतो, ते फुगवलेल्या दाण्यांचं कोरडं खाणं तर १९५०च्या दशकातलं. त्याआधी हजारो वर्षं कुत्रा माणसाच्या चुलीच्या आसऱ्यानेच जगला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात दिसलं, की लांडग्याच्या तुलनेत कुत्र्याकडे पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात. म्हणजे आपली भाकरी त्याला पचते, ती पचवायला तो आपल्याच संगतीत शिकला.

पण इथे एक घोटाळा होतो. ‘आमच्या आजोबांची कुत्री चतकोर भाकरीवर जगली’ असं लोक सांगतात. ती कुत्री फक्त चतकोरावर जगत नव्हती. ती दिवसभर मोकळी असायची, उंदीर-घुशी मारायची, उकिरडा धुंडाळायची, खाटकाच्या दुकानामागची हाडं-आतडी खायची. त्यांच्यातली किती पिल्लं लहानपणीच गेली, हे कोणी मोजलं नाही. आपला फ्लॅटमधला कुत्रा आपण वाडग्यात घालू तेवढंच खातो. त्या वाडग्यात जे नसेल ते त्याला कुठूनच मिळणार नाही.

‘घरचं जेवण’ म्हणजे आमच्या ताटातलं का?

नाही. माझ्या मते सगळी गडबड या एका शब्दाने केली आहे. आपल्या आमटीत कांदा-लसूण असतो, चिंच असते, मीठ आपल्या चवीचं असतं. रस्सा, उरलेली भाजी, बिर्याणीतला भात, हे कुत्र्याचं जेवण नव्हे. घरचं जेवण म्हणजे त्याच्यासाठी वेगळं शिजवलेलं, फोडणी-मसाल्याशिवायचं, वजन करून घेतलेलं. हळदीची चिमूट चालते. भाकरी किंवा पोळी घरात उरली तर त्याच्या भाताऐवजी द्यायला हरकत नाही, फक्त बुरशी धरलेली शिळी भाकरी अजिबात नको. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करतं. खवट, काळे पडलेले शेंगदाणेही त्याच कारणाने नकोत.

आम्ही चिकन-भात देतो. तेवढं पुरेसं नाही का?

नाही, आणि हे उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

आमचं पहिलं पिल्लू काळू. दीड महिन्याचा असताना आणला आणि त्याला अगदी प्रेमाने रोज उकडलेलं चिकन आणि भात दिला, बिनहाडाचं, निवडून. चकाकत्या कातडीचा, आवडीने खाणारा, सगळे म्हणायचे काय छान पोसलाय. साडेचार महिन्यांचा असताना तो दिवाणावरून खाली उडी मारून लंगडायला लागला. एक्स-रे काढला तर मागच्या पायाचं हाड मोडलेलं, आणि बाकीची हाडं इतकी पातळ की फिल्मवर नीट उमटतही नव्हती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘खायला काय देता?’ मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी शांतपणे समजावलं, आणि तो अर्धा तास मी विसरलेले नाही.

१०० ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस १८० ते २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १२. मटणाचंही तसंच. कुत्र्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून थोडं जास्त लागतं. १ भाग फॉस्फरसला १ ते २ भाग कॅल्शियम. भातातही कॅल्शियम नाहीच. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीवर ठेवल्याशिवाय हृदय आणि स्नायू चालत नाहीत, म्हणून गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून ओढून काढतात. रक्ततपासणीत कॅल्शियम व्यवस्थित दिसतं आणि आतून हाडं पोकळ होत जातात. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत होतं. मोठ्या कुत्र्यात महिने-वर्षं लागतात, म्हणून लोक म्हणतात ‘आमच्याला काही झालं नाही’.

काळू बरा झाला, पण मागचे पाय कायमचे थोडे वाकडे राहिले.

कॅल्शियम ही सर्वांत मोठी उणीव, एकमेव नव्हे. चिकन-भातात आयोडिन, जस्त, ड आणि ई जीवनसत्त्व, मँगनीज हेही कमी पडतं. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत किमान एक तरी आवश्यक घटक कमी होता, आणि बहुतेकींत एकापेक्षा जास्त. त्यांतल्या काही तर खुद्द पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या.

मग कॅल्शियम द्यायचं कशातून? दूध, नाचणी?

हिशेब करून बघा. १५ किलोच्या मोठ्या, म्हणजे वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, पण कुत्रा दिवसाला फार तर ५० ग्रॅम नाचणीचं पीठ खाईल, आणि त्यातलंही सगळं अंगी लागत नाही, कारण नाचणीतलं फायटेट ते अडवून धरतं. दुधात १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम. एवढी गरज दुधातून भागवायची तर जवळजवळ लिटरभर दूध द्यावं लागेल, आणि मग हगवण ठरलेली. नाचणी द्या, उत्तम धान्य आहे, पण तिच्या भरवशावर कॅल्शियम सोडू नका.

सोपा उपाय म्हणजे अंड्याचं कवच. एका कवचाचं वजन ५-६ ग्रॅम, त्यात जवळपास २ ग्रॅम कॅल्शियम. कवचं धुवायची, दहा मिनिटं उकळायची, उन्हात खडखडीत वाळवायची, तव्यावर मंद आचेवर थोडी भाजायची आणि मिक्सरला अगदी बारीक दळायची. दळल्यावर चहाच्या गाळणीतून गाळा, गाळणीत राहिलेले टोकदार कण पुन्हा फिरवा. पिठासारखी झाली पाहिजे. १५ किलोच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ३ ग्रॅम, म्हणजे साधारण अर्धा चहाचा चमचा. चमच्यापेक्षा ग्रॅमचा छोटा वजनकाटा घ्या, तो पुढे सगळ्यालाच उपयोगी पडतो.

पिल्लाला घरचं जेवण कधीपासून द्यावं?

माझं मत स्पष्ट आहे: वाढ पूर्ण होईपर्यंत पिल्लासाठीचं चांगलं पॅकेटचं खाणं द्या. काळूच्या अनुभवानंतर शेरूला मी सव्वा वर्ष तेच दिलं. पिल्लाची कॅल्शियमची गरज कॅलरीच्या हिशेबात मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट-अडीचपट असते. त्यात लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा मोठ्या जातीच्या पिल्लांना कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं वेडीवाकडी वाढतात, कारण आतड्यातून येणारं जादा कॅल्शियम लहान वयात त्यांना थोपवता येत नाही. म्हणजे कमी झालं तरी बिघडतं, जास्त झालं तरी बिघडतं. पॅकेटचं पूर्ण खाणं देत असताना वरून कॅल्शियमचं सिरप पाजणं हीदेखील तीच चूक आहे, आणि ती फार घरांत होते. पिल्लाला घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्यकीय आहारतज्ज्ञाकडून त्या पिल्लाचा तक्ता बनवून घ्या आणि दर महिन्याला वजनाप्रमाणे बदलून घ्या.

किती द्यायचं?

आधी कॅलरी काढायच्या. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं: वजनाला वजनाने दोनदा गुणा, आलेल्या संख्येचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, आणि ७०ने गुणा. चिंगीचं वजन १५. १५ × १५ × १५ म्हणजे ३,३७५. वर्गमूळ ५८, त्याचं वर्गमूळ ७.६२, गुणिले ७० म्हणजे साधारण ५३०. ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, बऱ्यापैकी हिंडणाऱ्या मोठ्या कुत्र्यासाठी याला १.६ने गुणतात, म्हणजे ८५०च्या आसपास. दिवसभर पंख्याखाली लोळणाऱ्यासाठी १.४ किंवा त्याहून कमी. शेरूची १.४ने गुणून १,२५० येते, १.६ने गुणली तरी १,४३५. वजन दुप्पट म्हणून खाणं दुप्पट होत नाही, हे इथे दिसतं.

पण आकडा ही फक्त सुरुवात. खरं उत्तर कुत्र्याच्या अंगावर असतं. स्वतःचा हात उघडा धरून दुसऱ्या हाताची बोटं त्या हाताच्या मागच्या बाजूवरून फिरवा. तिथे हाडं जशी लागतात, तशा कुत्र्याच्या बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. तळहाताकडून फिरवल्यावर जसं लागतं तशा दडलेल्या असतील तर तो जाड झाला. मुठीच्या उंचवट्यांसारख्या टोचत असतील तर बारीक. आमच्याकडे महिन्यातून एकदा वजन होतं: मी कुत्र्याला घेऊन काट्यावर, मग एकटी काट्यावर. शेरूला उचलायला मुलगा लागतो.

एका दिवसाचा नमुना सांगाल का?

चिंगीचा सांगते. दिवसाचं, कच्च्या वजनात: बिनहाडाचं, बिनकातडीचं चिकन २५० ग्रॅम, तांदूळ किंवा कणी ८० ग्रॅम, एक अंडं, कोंबडीची कलेजी १५ ते २० ग्रॅम, लाल भोपळा-गाजर-फरसबी मिळून १०० ग्रॅम, तेल दोन चहाचे चमचे, कवचाची पूड ३ ग्रॅम. याच्या साधारण ८०० कॅलरी होतात. उरलेल्या ५० तिला दिवसभरात इकडेतिकडे मिळतात.

चिकन, कलेजी, तांदूळ आणि भाज्या कुकरला एकत्र, पाणी जरा जास्त, तीन-चार शिट्ट्या. अंडं वेगळं उकडून कुस्करायचं. कच्चा पांढरा बलक बायोटिन हे जीवनसत्त्व अडवतो. तेल आणि पूड गार झाल्यावर. दोन वेळांत विभागून.

हा नमुना अजून पूर्ण नाही. यात जस्त, आयोडिन, ड आणि ई जीवनसत्त्व हवं तेवढं येत नाही. त्यासाठी घरच्या जेवणात मिसळायची व्हिटॅमिन-मिनरलची पूड मिळते, ती डॉक्टरांनी वजनाप्रमाणे ठरवून द्यावी. त्या पुडीत कॅल्शियम असेल तर कवचाची पूड तेवढी कमी करायची. औषधाच्या दुकानातली नेहमीची मल्टिव्हिटॅमिन सिरपं या कामाची नाहीत, त्यांतलं प्रमाण ही कसर भरून काढण्याइतकं नसतं.

कलेजी वाढवू नका. ती पौष्टिक आहे म्हणूनच. तिच्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि फार झालं की सांधे आखडतात. एकूण जेवणाच्या पाच टक्क्यांच्या आतच.

आमचा कुत्रा दिवसभर उन्हात बसतो. ड जीवनसत्त्व मिळतंच ना?

नाही मिळत. माणसाची कातडी उन्हात ड जीवनसत्त्व बनवते, कुत्र्याची जवळजवळ नाही. त्याला ते खाण्यातूनच यावं लागतं: मासे, अंड्यातला पिवळा बलक, कलेजी किंवा पूड.

आमचं घर शाकाहारी आहे. काय करावं?

हा प्रश्न आपल्याकडे खूप घरांचा आहे. सरळ उत्तर: कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, मांजर जगू शकत नाही. पण वरण-भात-तूप किंवा दूध-पोळी हा कुत्र्यासाठी आहार नव्हे. त्यात प्रथिनं कमी, आणि आहेत त्यांत मेथिओनिनसारखी अमिनो आम्लं अपुरी. याच मेथिओनिनपासून कुत्र्याचं शरीर टॉरिन बनवतं, आणि टॉरिन कमी पडलं की हृदयाचे स्नायू सैल पडू शकतात. २०१८ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डाळी-वाटाण्यांवर आधारलेल्या, धान्य नसलेल्या पॅकेटच्या खाण्यांबद्दल याच हृदयविकाराच्या संशयावरून सूचना काढली होती. नेमकं कारण अजून वादात आहे, पण सगळी भिस्त डाळीवर ठेवू नये एवढं मी त्यातून घेतलं.

घरात अंडं चालत असेल तर निम्मी अडचण सुटली. अंडं, पनीर, घट्ट दही, सोयाबीनचे चंक्स आणि भात असा मेळ बसतो. अंडंही चालत नसेल तर तज्ज्ञाकडून तक्ता आणि पूरक पूड घेतल्याशिवाय सुरू करू नका. काही घरांत दुसरा मार्ग काढतात: स्वयंपाकघरात काही नाही, पण बाल्कनीत वेगळा इंडक्शन आणि वेगळा कुकर. आमच्या शेजारच्या आजींनी स्वतः सोवळं पाळून नातवाला तशी परवानगी दिली. कुत्र्याच्या बाजूने विचार करणारा हा निर्णय मला मनापासून आवडला.

स्वयंपाकघरातलं काय काय विषारी आहे?

कांदा आणि लसूण सर्वांत आधी, कारण ते आपल्या प्रत्येक पातेल्यात असतात. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, कसाही. त्यातल्या गंधकयुक्त पदार्थांमुळे तांबड्या पेशी फुटतात, आणि दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते. गोचिडांसाठी लसूण द्यावा असं सर्रास सांगतात. देऊ नका. गोचिडतापात आधीच पेशी कमी झालेल्या असतात, त्यात ही भर.

द्राक्षं, मनुके, बेदाणे. मी सांगली भागातली, इथे तासगावचा बेदाणा घराघरात डब्यांनी असतो, म्हणून हे जीव तोडून सांगते. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यांनीही बंद पडतात. कोणाला किती बाधेल हे आधी कळत नाही. हे टार्टारिक आम्लामुळे होत असावं, असं आता पशुवैद्यकांना वाटतं. आणि तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. चिंच खाल्ल्यावर कुत्र्यांची मूत्रपिंडं बिघडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून आमटी, सार, पाणीपुरीचं पाणी, काही नको.

सणाच्या दिवशी तर घरच सापळा होतं. पुरणपोळीत आणि श्रीखंडात जायफळ, शिऱ्यात बेदाणे, चिवड्यात मनुके, कटाच्या आमटीत चिंच, मुलांच्या हातात चॉकलेट. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन हृदयाची धडधड वाढवतं. जितकं गडद चॉकलेट तितकं वाईट. साखरविरहित च्युइंगगममधलं झायलिटॉल काही मिनिटांत रक्तातली साखर पाडतं. परदेशात राहणाऱ्यांनी पीनट बटरच्या बरणीवरही हे नाव शोधावं, तिकडे काही बरण्यांत ते असतं. मॅकाडेमिया नट आणि आंबवलेली कच्ची कणीकही नको.

यातलं काही खाल्लेलं दिसलं तर लक्षणांची वाट पाहू नका. काय, किती, कधी खाल्लं हे सांगून लगेच डॉक्टरांकडे जा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, जादा मीठ स्वतःच घातक ठरतं.

हाडं द्यावीत का? कच्चं मांस?

शिजवलेलं हाड कधीच नाही. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन चिरफाळ्या उडतात आणि आतड्यात टोचतात. कच्च्या मांसाचे समर्थक परदेशात बरेच आहेत. मी त्यांच्यात नाही. आपल्याकडे उघड्यावर कापलेलं, तासन् तास बाहेर राहिलेलं मांस येतं. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कुत्र्याला सोसले तरी त्याच्या तोंडातून, विष्ठेतून घरातल्या लहान मुलांपर्यंत आणि वृद्धांपर्यंत पोहोचतात. कुकर असताना हा धोका कशाला पत्करायचा?

दूध, दही, तूप?

दूध सोडवल्यानंतर बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. दही, ताक बहुतेकांना सोसतं.

तुपाबद्दल मात्र मन कठोर करावं लागतं. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नका म्हणून. ही गोष्ट ऐकत आपण वाढलो, आणि कुत्र्याच्या ठायी देव पाहायची ती नजर मला फार मोलाची वाटते. पण आजच्या घरबंद, लठ्ठ कुत्र्याला एकदम खूप तूप, कातडीसकट चिकन किंवा मटणाची चरबी मिळाली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. सतत उलट्या, पोट धरून वाकणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर ठेवणं ही त्याची खूण. आमच्याकडे तूप सणालाही अर्धा चमचाच.

मासे चालतात का?

चांगले चालतात. तारली आणि बांगडा हे स्वस्त, आणि ओमेगा-३ स्निग्धांशांनी भरलेले. आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी. शिजवूनच, कारण काही कच्च्या माशांमधला घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. काटे काढा. सुकट, सुके बोंबील यांत मीठ फार, ते नकोत.

पॅकेटवरून घरच्या जेवणावर कसं यायचं?

दहा दिवसांत. पहिले तीन दिवस पाव भाग घरचं, मग निम्मं, मग पाऊण. शी सैल झाली तर दोन दिवस तिथेच थांबा. नंतर तो पाणी कमी प्यायला लागेल, घाबरू नका. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं, शिजवलेल्या जेवणात सत्तरच्या पुढे.

निम्मं पॅकेटचं, निम्मं घरचं चालेल?

चालेल, आणि वेळ नसलेल्यांना मी हेच सुचवते. पाच-सहा किलोमीटरवरून नोकरी करून येणाऱ्या माणसाने रोज वजन करून शिजवावं ही अपेक्षा अवाजवी आहे. फक्त दोन्ही पूर्ण-पूर्ण देऊ नका, आणि घरचा भाग निम्म्यावर गेला की कॅल्शियमचा हिशेब पुन्हा लागू होतो. पॅकेट घेताना सुटं, गोणीतून मापून दिलेलं घेऊ नका. पावसाळ्यात त्याला दमटपणा येऊन बुरशी धरते.

स्वस्त पडतं का?

लहान आणि मध्यम कुत्र्याला बहुधा चांगल्या पॅकेटच्या बरोबरीने किंवा थोडं कमी. मोठ्या कुत्र्याला महाग. श्रावणात चिकनचा भाव उतरतो, तेव्हा मी फ्रीझर भरून ठेवते. रविवारी एकदम शिजवायचं, गार करायचं, रोजच्या वजनाचे डबे भरायचे. तीन दिवसांचे फ्रीजमध्ये, बाकीचे फ्रीझरमध्ये. उन्हाळ्यात वाडग्यात उरलेलं अर्ध्या तासात उचला.

घरचं जेवण दिलं की खाज थांबते का?

कधी थांबते, बऱ्याचदा नाही. खाजेमागे पिसवा, गोचीड, बुरशी, हवेतली ॲलर्जी हे जास्त वेळा असतं. खाण्याची ॲलर्जी असलीच तर कुत्र्यांमध्ये ती बीफ, दुधाचे पदार्थ, चिकन, गहू यांची जास्त आढळते. म्हणजे चिकन-पोळी सुरू करून ती वाढूही शकते. खात्री करायची तर पूर्वी कधीच न दिलेल्या एका प्रथिनावर आठ आठवडे ठेवावं लागतं, मध्ये बिस्किटाचा एक तुकडाही न देता.

कोणत्या कुत्र्यांना स्वतःच्या मनाने घरचं सुरू करू नये?

मूत्रपिंडाचा, यकृताचा, मूतखड्याचा, मधुमेहाचा किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्यांना, गाभण आणि पाजणाऱ्या कुत्रीला. डाल्मेशियन जातीला युरेट नावाच्या क्षाराचे मूतखडे होतात, त्यांना कलेजी चालत नाही. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस मोजावा लागतो आणि हाडांची पूड घातक ठरते.

आमचे डॉक्टर म्हणतात पॅकेटचंच द्या. ते कंपनीच्या बाजूने बोलतात का?

असं म्हणू नका. त्यांनी काळूसारखी कितीतरी पिल्लं पाहिलेली असतात. त्यांना तुमचा तक्ता दाखवा: काय, किती ग्रॅम, कोणती पूड. वजन करून लिहिलेला कागद समोर ठेवला की संवाद बदलतो, हा माझा अनुभव आहे. जवळ कोणी नसेल तर परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारता येतं. वर्षातून एकदा रक्त-लघवीची तपासणी करून घ्या.

मी सगळं मोजून देते, पण घरातले सगळे गुपचूप काहीतरी भरवतात. काय करू?

एक ग्लुकोजचं बिस्किट साधारण २० कॅलरीचं. आजोबांनी चहाबरोबर दोन, मुलांनी दोन, कामवाल्या मावशींनी दोन दिली, की दहा किलोच्या कुत्र्याच्या दिवसाच्या गरजेचा पाचवा भाग संपला, आणि त्यात साखर-मैद्याशिवाय काही नाही. बाहेरचा खाऊ दहा टक्क्यांच्या आत हवा.

आमच्याकडे भांडण करून हे सुटलं नाही. मग मी रोज सकाळी एक लहान स्टीलचा डबा फ्रीजच्या दारात ठेवायला लागले. त्यात उकडलेल्या गाजराचे, भोपळ्याचे आणि चिकनचे बारीक तुकडे, त्या दिवसाच्या जेवणातूनच काढलेले. ज्याला द्यावंसं वाटेल त्याने त्यातूनच द्यायचं, डबा रिकामा झाला की बंद. सासऱ्यांचा वाटा मी वेगळा, त्यांच्या चहाच्या वेळेला काढून देते. शेरू साडेचारला त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन बसतो, आणि गाजराचा तुकडाही बिस्किटाइतक्याच आनंदाने खातो.